स्वस्त जॅक कुणाला परवडतो?

मालधक्क्यावर रेक लागला की फाटकाबाहेर ट्रकांची रांग उभी राहते. वॅगनी रिकाम्या होईपर्यंत तास-दोन तास, कधी अर्धा दिवसही जातो. तेवढ्या वेळात चहाच्या टपरीवर बसलेली ही माणसे आपसांत काय बोलतात ते आम्ही रेल्वेवाले गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. राजकारण थोडे, घरचे थोडे आणि बाकी सगळे गाडीचे. जॅक कुठला घेतला, किती टनाचा, किती दिवस चालला. दोर नायलॉनचा बरा की साधा प्लास्टिकचा. पाने जालंधरचे मागवावेत की मुंबईत नागदेवीला जाऊन हाताने पारखून घ्यावेत. अलंगला जहाजे फोडतात, तिथे रस्त्याच्या कडेला दोर, साखळ्या, पाने विकायला मांडलेले असतात. भावनगरकडची खेप ज्याला मिळाली असेल त्याच्या हातात चारजणांची यादी पडते. इंदूरचा देवास नाका असो, नागपूरजवळचे वाडी असो, दिल्लीचे संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर असो की तमिळनाडूतले नामक्कल असो, भाषा बदलते पण प्रश्न बदलत नाही. चांगले काय, आणि त्यातल्या त्यात स्वस्त काय?

या बोलण्याला आम्ही कमी लेखत नाही. पन्नास-शंभर गाड्यांच्या कंपनीत देखभालीचे वेगळे खाते असते, स्टोअर असते, खरेदी करणारा साहेब असतो. एका गाडीच्या मालकाचे स्टोअर म्हणजे सीटखालची पेटी आणि खरेदीचे खाते म्हणजे टपरीवर शेजारी बसलेला माणूस. त्या माणसाने स्वतःचे पैसे घालवून जे शिकले ते तो फुकट सांगतो. कामगारांनी कामगारांना शिकवण्याची हीच जुनी रीत आहे. आमच्या लोकोशेडमध्येही नवा खलाशी पुस्तकातून शिकला नाही, शेजारच्या जुन्या फिटरकडून शिकला.

आता काही वाचक विचारतील की रेल्वे कामगाराने ट्रकवाल्याच्या जॅकवर अग्रलेख कशाला लिहावा? ट्रकने तर आपला माल पळवला. गोष्ट खरी आहे. 1950-51 साली देशातल्या मालवाहतुकीच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग रेल्वेकडे होते, आज रेल्वेचा वाटा तिनाच्याही आत आहे आणि मोठा भाग रस्त्यावर गेला आहे. पण तो माल ट्रक चालवणाऱ्या माणसाने पळवला नाही. तो धोरणाने गेला, आणि ज्याच्या गाडीवर गेला त्याला श्रीमंत करून गेला असेही दिसत नाही. शिवाय रुळावरचा माल शेवटी रस्त्यावरच उतरतो. कोकण रेल्वेने 1999 साली भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून न्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तर एकाच मालाखाली त्यांची चाके आणि त्याखाली आमची चाके अशी स्थिती आहे. त्या ट्रकवरचा दोर सुटला तर सिंधुदुर्गातल्या बोगद्यात तो कुणाच्या अंगावर येईल हे सांगायला नको.

मालक हा शब्दही इथे जरा तपासून घ्यावा लागतो. आर.सी. बुकवर नाव त्याचे, पण गाडी बँकेकडे किंवा फायनान्सवाल्याकडे गहाण. भाडे ठरवणार दलाल, माल भरणार कारखानदार, वेळ ठरवणार गोदामवाला. याने फक्त चालवायचे, बिघडले तर खाली शिरायचे आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता भरायचा. आपल्या देशातल्या ट्रकमालकांचा मोठा भाग पाच गाड्यांपर्यंतच्या अशाच छोट्या मालकांचा आहे. आमच्या मते हा मालक म्हणजे स्वतःची हत्यारे स्वतः विकत घेणारा कामगार आहे, आणि त्याची खरी अडचण याच ठिकाणी आहे.

गँगमनला, आता त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पहार, घण, बीटर, पाना हे सगळे रेल्वे देते. ती हत्यारे जड आहेत, मैलोन्‌मैल वाहून खांदे दुखतात, त्याबद्दल आमची तक्रार आहे आणि राहील. पण पहार वाकली तर गँगमन ती स्टोअरला जमा करतो आणि दुसरी घेतो. स्वस्तातली पहार कुठे मिळेल हे तो कुणाला विचारत नाही. हत्याराचा खर्च कामाच्या खर्चात मोजलेला असतो, कामगाराच्या पोटात नाही. ट्रकवाल्याच्या बाबतीत नेमके उलटे आहे. डिझेलला पैसे रोख, टोलला रोख, टायरला रोख किंवा उधारीवर चढ्या भावाने, हप्ता चुकवायची सोय नाही, विमा टाळता येत नाही. भाड्याचा आगाऊ भाग डिझेलमध्ये जातो आणि उरलेला भाग पोच पावती परत आल्यावर, दलाल देईल तेव्हा. या सगळ्यात आपल्या हाताने काटकसर करता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे टूलची पेटी. म्हणून टपरीवर सगळ्यात जास्त चर्चा तिचीच होते.

त्या चर्चेत एक सल्ला आम्ही वारंवार ऐकतो. पहिल्यांदा स्वस्त घ्या, मोडले तर समजा की रोज लागणारे आहे, मग महाग घ्या. सल्ला शहाणपणाचा आहे. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, ग्रीस गन, डिझेल ओतायचे नाळके यांना तो अगदी लागू पडतो. पेटीतले निम्मे पाने वर्षात एकदाही हातात येत नाहीत, त्यांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. स्वस्त पान्याचे तोंड पसरले तर नट घासतो, बोटे सोलतात, चार शिव्या जातात. फक्त विकत घेताना पाना घडीव आहे की ओतीव हे बघावे. ओतीव पाना वाकत नाही, एकदम तुटतो. क्रोम व्हॅनेडियमची अक्षरे कुठल्याही लोखंडावर उठवता येतात, त्यांवर विसंबू नये. नवा नट खिशात घेऊन दुकानात जावे आणि पान्यात बसवून तो किती डुगडुगतो ते हाताने पाहावे. आमच्या ओळखीचा एक ट्रकवाला तसेच करतो, दुकानदार त्याच्यावर वैतागतो, पण पाना चांगला देतो.

पण हाच सल्ला जॅकला लावता येत नाही. स्वस्त जॅक मोडतो तेव्हा तो बहुधा कुणाच्या तरी डोक्यावर गाडी धरून उभा असतो. दुसरा जॅक विकत घ्यायला माणूस उरला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. दोन आसांच्या सहाचाकी ट्रकचे एकूण वजन पूर्वी 16.2 टनांपर्यंत चालत असे. जुलै 2018 मध्ये सरकारने ते 18.5 टन केले. मागच्या आसाला 10.2 टनांची परवानगी होती, ती 11.5 टन झाली. म्हणजे भरलेल्या गाडीच्या मागच्या एका बाजूवर पावणेसहा टन बसतात. तेवढे उचलायला दहा टनांचा जॅक पुरावा, जर तो खरोखर दहा टनांचा असेल तर. बाजारात वीस टन लिहिलेला एक जॅक दुसऱ्या वीस टनांच्या निम्म्या वजनाचा असतो. लोखंड कमी घातल्याशिवाय वजन कमी होत नाही, एवढे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. सरकारने भार वाढवला तेव्हा वर्तमानपत्रांत मालवाहतूक स्वस्त होईल अशा बातम्या आल्या. जुन्या पेटीतल्या जुन्या जॅकवर किती भार वाढला याचा हिशेब कुणी छापल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही.

बाटली जॅक तेलाच्या दाबावर चालतो. त्याच्या आतले सील खराब असेल तर तो एकदम पडत नाही, हळूहळू खाली बसतो. खाली काम करणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याचे लक्ष ब्रेकच्या ड्रमकडे किंवा पाट्यांकडे असते. रेल्वेत रुळावरून घसरलेला डबा उचलताना ब्रेकडाऊनची गँग काय करते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना नियम ठाऊक आहे. जॅक जसजसा वर जातो तसतसे लाकूड आत सरकते. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. धरायचे काम पॅकिंगने करायचे. गाडी कितीही छोटी असो आणि काम पाच मिनिटांचे असो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मालधक्क्याच्या बाहेर एक जॅक बसला तेव्हा खाली एक पोरगा होता. चासीखाली लाकडाचा जाड ठोकळा होता म्हणून तो हसत बाहेर आला. त्या ठोकळ्याला काहीच खर्च आला नव्हता. एवढेच नाही, मे महिन्यात डांबर मऊ होते, तिथे जॅकच्या बुडाखाली फळी हवी. आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी हवी. रस्त्यावरचा दगड उटी म्हणून लावतात आणि काम झाल्यावर तो तिथेच सोडून जातात, रात्री मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर जातो. लाकडाची उटी गाडीत ठेवावी. यात पैशाचा प्रश्न नाही, सवयीचा आहे, आणि सवयीबाबत आम्ही ट्रकवाल्या भावांना बोल लावणारच.

दुसरी जागा हवेची. अजूनही अनेक गाड्यांना ट्यूबचे टायर आणि तुकड्यांची रिम असते, वरून लॉक रिंग बसवायची. टायरमध्ये हवा 100 पौंडांच्या वर भरतात. रिंग नीट बसली नसेल, गंजलेली असेल किंवा दुसऱ्या मापाची ठोकून बसवलेली असेल तर हवा भरताना ती उडते, आणि उडते ती माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, कारण माणूस वाकून हवा बघत असतो. हे चाक हवा भरताना लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचे असते. पिंजरा नसला तर निदान साखळी गुंडाळून, रिंगची बाजू जमिनीकडे किंवा भिंतीकडे करून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरायची असते. हायवेवरच्या किती पंक्चरवाल्यांकडे पिंजरा आहे ते प्रवास करताना आपणच पाहावे. पंक्चरवाला हा तर ट्रकवाल्यापेक्षाही गरीब. पिंजरा बनवायला लागणारे लोखंड त्याच्या महिन्याच्या कमाईतून निघत नाही आणि त्याला कुणी ते देत नाही. वापरलेली रिंग स्वस्तात मिळते, कुर्ल्याला मिळते, मायापुरीला मिळते. ती घेऊ नये. बाकी जुने सुटे भाग घ्यावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण रिंग नको.

चाक बदलल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात, पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर. जुन्या काही गाड्यांना डाव्या बाजूला उलटा आटा असतो, नवा ड्रायव्हर पाइप घालून जोर लावतो आणि स्टड तोडतो. हे सांगणारा माणूस पूर्वी गाडीतच असे, तो म्हणजे क्लिनर. आता भाड्यात दोघांचा पगार निघत नाही म्हणून क्लिनर उतरवला गेला. रात्री दोन वाजता घाटात एकटा माणूस बॅटरी तोंडात धरून गाडीखाली शिरतो. एक ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्याचे आम्ही स्वागत करतो, उन्हात भाजून निघणाऱ्या ड्रायव्हरला ते हवेच होते. पण गाडीखालच्या माणसाकडे अजून कुणाचे लक्ष गेलेले नाही.

आता दोर, साखळी आणि पट्टे. या विषयावर टपरीवर सर्वांत जास्त मतभेद असतात आणि आमच्या मते सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत. नायलॉनचा दोर मजबूत, पण तो ताणला जातो आणि पावसात भिजला की आणखी ढिला पडतो. सकाळी ताठ बांधलेली गाडी संध्याकाळी हलायला लागते. साधा प्लास्टिकचा दोर पाणी पीत नाही, पण उन्हात त्याचा जीव जातो, वरून लव सुटते आणि हाताला भुसा लागतो. अलंगचा जहाजी दोर जाड असतो म्हणून लोक भुलतात. तो घेताना पीळ उलगडून आत बघावे. आत पूड निघाली, काही धागे तुटलेले दिसले, तर तो दोर जहाजाने आधीच वापरून संपवला आहे असे समजावे. आणि कुठल्याही दोराला गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. चार तुकड्यांना गाठी मारून केलेला लांब दोर पाहिला की आम्हाला धडकी भरते.

रॅचेटच्या पट्ट्यावर मोठ्या आकड्यात पाच टन लिहिलेले असते. तो आकडा बहुतेक वेळा पट्टा तुटण्याचा असतो, वापरण्याचा नाही. रोजच्या वापराचा भार त्याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा धरायचा, तो कुठेतरी बारीक अक्षरात असतो किंवा मुळीच नसतो. फोनवरून मागवलेल्या पट्ट्यावर तर चिठ्ठीच नसते. साखळीचेही तसेच. चांगल्या साखळीच्या कडीवर 8 किंवा 80 असा ग्रेडचा आकडा उठवलेला असतो. ती साखळी तुटली की वाटेतल्या वेल्डरकडून जोडून घेणारे लोक आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि जोड बाहेरून झकास दिसला तरी ती साखळी आता साध्या लोखंडाची झालेली असते. ताडपत्रीबद्दल फार लिहीत नाही, ती फाटली तर माल भिजतो, माणूस मरत नाही.

बांधायचे तरी किती? युरोपातल्या नियमांत एक सोपा हिशेब आहे, तो आपल्याकडेही लावून बघण्यासारखा आहे. जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या आठ-दशांश जोराने माल पुढे सरकू बघतो, आणि वळणावर निम्म्या जोराने बाजूला. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून वीस टनांची एक कॉइल निघाली तर ब्रेकच्या वेळी तिला सोळा टनांच्या जोराने धरून ठेवावे लागेल. त्यातला काही जोर खालच्या लाकडाचे घर्षण घेते, काही पुढची फळी घेते, बाकीचा साखळ्यांवर येतो. आता ज्यावर पाच टन लिहिले आहे पण जो दोन टनांनाच भरवशाचा आहे असा पट्टा किती ठिकाणी टाकावा लागेल ते मोजा. आणि हेही लक्षात घ्या की फळीच्या पुढे दीड फुटावर ड्रायव्हरची पाठ असते.

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. ही साखळी कुणी आणायची? कॉइल कारखान्याची. ती भरणार कारखान्याची क्रेन. पोचवायची घाई कारखान्याला. फाटकावर पहारेकरी चाकांची, कागदांची, बुटांची तपासणी करतो, हेल्मेट नसेल तर आत सोडत नाही, आणि साखळी मात्र ड्रायव्हरने घरून आणायची. काही मोठ्या कारखान्यांत कॉइलसाठी खोबण्या, साखळ्या यांचा आग्रह धरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण आग्रह धरणे आणि पैसे देणे यांत फरक आहे. आग्रहाचा खर्चही पुन्हा ट्रकवाल्याच्याच पेटीतून निघतो, आणि तो टपरीवर येऊन विचारतो, स्वस्तात साखळी कुठे मिळेल?

रेल्वेत गाडी सुटण्याआधी टीएक्सआर रेक तपासतो, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट देतो, ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर आणि गार्ड गाडी हलवत नाहीत. घाई कितीही असो आणि कंट्रोलमधून फोन कितीही येवोत. तो कागद म्हणजे कुणाची मेहरबानी नाही, कामगाराच्या हातातले ते नाही म्हणण्याचे साधन आहे. ट्रकवाल्याकडे असा कागद नाही. तो नाही म्हणाला तर मागे रांगेत दुसरा उभा आहे.

कायद्याचे काय, असे कुणी विचारील. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा सांगत होता, पण तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होता. तो कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळला, 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाली, आणि पाचाचा आकडा दहा झाला. एका गाडीचा मालक तेव्हाही बाहेर होता, आताही बाहेर आहे, आणि त्याच्याबरोबर चार-सहा गाड्यांवरचे पगारी ड्रायव्हरही बाहेर गेले. या पगारी ड्रायव्हरांची गोष्ट आणखी वेगळी. पेटीतला पाना हरवला तर पगारातून कापतात, जॅक खराब झाला तर तू कसा वापरलास म्हणून विचारतात. छोट्या मालकाच्या अडचणी आम्ही समजतो, पण त्या अडचणी आपल्या ड्रायव्हरच्या पगारात वळत्या करण्याचा हक्क त्याला नाही, हेही याच जागी सांगून ठेवतो.

जादा मालाच्या दंडाचे कलम मात्र वाचण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जादा माल भरण्यावर कडक भूमिका घेतली. 2019 च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा झाला. मोटार वाहन कायद्याच्या 194 कलमात गाडी चालवणारा एवढाच शब्द नाही, गाडी तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात आहे. म्हणजे माल भरून देणाऱ्याला धरायची सोय कायद्यात आहे. पण नाक्यावर सापडतो तो स्टिअरिंगवरचा माणूस, गोदामातला माणूस नाक्यावर येत नाही. ओढण्याच्या आणि बांधण्याच्या साहित्याबाबतही तोच न्याय चालतो. माल पडला, कुणाला लागले, तर गुन्हा ड्रायव्हरवर.

जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या 106(2) कलमाविरुद्ध ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. अपघात करून न कळवता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे ते कलम. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारला ट्रकमालकांच्या संघटनेशी बोलावे लागले, आणि त्या वर्षीच्या एक जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. मालक, ड्रायव्हर, क्लिनर हा भेद त्या दोन दिवसांत कुणी केला नव्हता. शिक्षेच्या भीतीने जी एकजूट झाली ती दोर-साखळीच्या खर्चासाठी होऊ शकत नाही असे आम्ही मानत नाही.

मागणी आमच्या मते अगदी साधी ठेवावी. बिल्टीवर भाड्याच्या खाली बांधणीचा खर्च अशी वेगळी ओळ असावी. ज्या मालाला साखळी किंवा पट्टा लागतो, म्हणजे कॉइल, पाइप, यंत्रे, दगडाच्या लाद्या, त्या मालाला माल देणाऱ्याने साहित्य द्यावे किंवा त्या ओळीत त्याचे भाडे भरावे. भाड्यातच सगळे आले असे दलाल म्हणेल. म्हणू द्या. ओळ वेगळी लिहिली की ती गिळता येत नाही, हे आम्ही पगाराच्या चिठ्ठीवरच्या भत्त्यांच्या बाबतीत शिकलो आहोत. आणि साहित्य अपुरे असेल तर गाडी हलवायला नकार दिल्याबद्दल खोळंब्याचा दिवस ट्रकवाल्याच्या माथी मारू नये.

मागणी मान्य होईपर्यंत काय? दहा-वीस मालकांनी मिळून एकदम खरेदी करावी. जॅक सामाईक ठेवून चालत नाही, तो गाडीतच हवा, कारण गाडी ट्रान्सपोर्ट नगरात नाही, घाटात बंद पडते. पण एकदम वीस चांगले जॅक घेतले तर कारखान्याचा माणूस स्वतः येऊन बोलतो, आणि त्यातला एक त्याच्यासमोर भरल्या गाडीखाली लावून तासभर ठेवून बघता येतो. एकट्या गिऱ्हाइकाला दुकानदार हे करू देत नाही. हवा भरायचा पिंजरा, टॉर्कचा पाना, चांगला कॉम्प्रेसर या वस्तू मात्र सामाईकच असाव्यात, ट्रान्सपोर्ट नगरात किंवा ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे ठेवाव्यात. ज्या गावांत आमच्या रेल्वे कामगारांच्या पतपेढ्या आहेत तिथे संस्था कशी काढावी, वर्गणी कशी गोळा करावी, हिशेब कसा ठेवावा हे सांगायला आमची माणसे जाऊ शकतात. पैसे देता येणार नाहीत, पोटनियम त्याला आड येतात, पण वही कशी ठेवायची ते शिकवता येते.

आणि आपल्या घराकडेही बघावे लागेल. मालधक्क्यावर ठेकेदारामार्फत येणाऱ्या माणसाला फावडे, घमेले आणि हातमोजे स्वतःचे आणायला सांगितले जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उद्या पहारीपर्यंत हे पोचले तर रेल्वेचा कामगारही टपरीवर बसून स्वस्त पहार कुठे मिळते ते विचारील. हत्यार देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी, हे तत्त्व बाहेर सुटले तर आत फार दिवस टिकत नाही.

आमच्या शाखांनी या महिन्यात दोन कामे करावीत. आपापल्या मालधक्क्यावर येणाऱ्या छोट्या ट्रकमालकांशी बोलून गेल्या वर्षात जॅक, दोर, साखळ्या, पट्टे यांवर त्यांचे किती पैसे गेले आणि माल देणाऱ्याने त्यातले किती दिले, हे साध्या कागदावर लिहून कार्यालयाकडे पाठवावे. नावे नकोत, गाडीचे नंबर नकोत, फक्त रकमा आणि मालाचा प्रकार. दुसरे म्हणजे गुड्स सुपरवायझरकडे अर्ज देऊन मालधक्क्याच्या फाटकाजवळ सालाच्या लाकडाचे चार ठोकळे आणि चार उट्या ठेवून घ्याव्यात. जुने स्लीपर लिलावात जातात म्हणून साहेब अडचण सांगतील. त्यांना सांगावे की ठोकळे मालधक्क्याच्या वापरासाठी आहेत, रजिस्टरवर चढवा आणि साखळीने फाटकाला बांधून ठेवा.